बिघाड फोटोत की पाहण्यात?

शाळेचे स्नेहसंमेलन पार पडले. लेझीम खेळणाऱ्या मुलांचे लाल फेटे कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या छोट्या पडद्यावर कसे उठून दिसत होते! दुसऱ्या दिवशी तोच फोटो शाळेच्या संगणकावर, फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, तर फेटे विटलेले आणि चेहरे निस्तेज. एका उत्साही विद्यार्थ्याने रंग गडद करणारी पट्टी सरकवत सरकवत फोटो ‘दुरुस्त’ केला आणि मूळ फाइलवरच साठवला. पुढे तो फोटो दुसऱ्या संगणकावर उघडला, तेव्हा फेट्यांच्या जागी नुसते लाल डाग होते. घड्या नाहीत, चुण्या नाहीत. चेहरे तर शेंदूर फासल्यासारखे!

विद्यार्थ्याने जे डोळ्यांना दिसले तेच सुधारले. मग चूक कोठे झाली? हे समजण्यासाठी फोटोच्या फाइलमध्ये काय असते, ते आधी पाहू.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. फोटो असंख्य चित्रबिंदूंचा, म्हणजेच पिक्सेलचा बनलेला असतो. प्रत्येक बिंदूसाठी तीन आकडे लिहिलेले असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. नेहमीच्या जेपेग फाइलमधून उलगडणारा असा प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो. त्यांच्या एकूण १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. पण २५५ म्हणजे नेमका कोणता लाल? हे आकडा स्वतः सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. नागपूरला उन्हाळ्यात पारा ४० वर गेला असे आपण म्हणतो आणि घरी कोणाला १०४ ताप आला असेही म्हणतो. पहिला आकडा सेल्सिअसचा, दुसरा फॅरनहाइटचा. वास्तविक दोन्ही तापमाने एकच! एकक न सांगता नुसते ‘४०’ म्हटले, तर ऐकणारा उकाड्याने घामाघूम होईल, की थंडीने कुडकुडेल?

रंगांच्या आकड्यांनाही असे ‘एकक’ लागते. त्याला रंगावकाश म्हणतात. १९९६ साली ‘एसआरजीबी’ हा रंगावकाश सुचवण्यात आला व १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. बहुतेक साधे पडदे याच मानकाच्या आसपास चालतात. १९९८ मध्ये आलेला ‘अ‍ॅडोब आरजीबी’ याहून विस्तृत आहे. विशेषतः हिरव्या व निळसर हिरव्या छटा त्यात अधिक मावतात. एसआरजीबीमध्ये जो लाल रंग २५५, ०, ० असा लिहितात, तोच अ‍ॅडोब आरजीबीमध्ये २१९, ०, ० असा लिहावा लागतो. रंग एकच, आकडे निराळे. ४० आणि १०४ यांच्यासारखेच!

कोणते एकक वापरले आहे हे सांगणारी एक चिठ्ठी फाइलमध्ये जोडलेली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. चिठ्ठी गहाळ झाली किंवा एखाद्या सॉफ्टवेअरने ती वाचलीच नाही, तर २१९ हा आकडा एसआरजीबीचा समजून वाचला जातो आणि लाल रंग मळकट दिसतो. आपल्या फोटोचे नेमके हेच झाले होते. कॅमेरा अ‍ॅडोब आरजीबीवर लावलेला होता. आकडे अचूक होते, वाचन चुकले होते. विद्यार्थ्याने वाचनातली चूक सुधारण्याऐवजी बरोबर असलेले आकडेच बदलले. दुसऱ्या संगणकाने चिठ्ठी नीट वाचली आणि रंग भडक झाले.

यात कायमचे नुकसानही झाले. समजा, फेट्याच्या एका घडीचा लाल आकडा २४० होता आणि शेजारच्या उजळ भागाचा २५०. पट्टी सरकवल्यावर दोन्ही वाढले, पण २५५ च्या पुढे जागा नाही. दोन्ही २५५ झाले आणि घडी नाहीशी झाली. आता पट्टी मागे घेतली, तरी कोणता २५५ पूर्वी २४० होता हे संगणकाला कळणार कसे? म्हणून पहिला नियम असा: मूळ फाइल बाजूला ठेवा आणि काम नेहमी प्रतीवर करा.

मग बिघाड शोधायचा कसा? डॉक्टर औषध देण्यापूर्वी प्रश्न विचारतात, तसे आपणही तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: दोष एकाच फोटोत आहे की सगळ्या फोटोंत? एकाच फोटोत असेल, तर त्या फाइलकडे पाहा. फोटोचा वरचा भाग चांगला आणि खालचा नुसता करडा दिसत असेल, तर बहुधा फाइल अर्धवटच उतरली आहे. मूळ फाइलचा आणि प्रतीचा आकार ताडून पाहा. प्रत लहान निघाली, तर कार्डावरून पुन्हा उतरवून घ्या. येथे आकडेच हरवलेले आहेत. रंगांच्या पट्ट्या कितीही हलवल्या, तरी ते परत येणार नाहीत.

दुसरा प्रश्न: दोष एकाच सॉफ्टवेअरमध्ये आहे की सगळ्यांत? तोच फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चांगला दिसला, तर आकडे बहुधा ठीक आहेत आणि वाचनात गफलत आहे. फिकट रंगांचे कारण आपण पाहिलेच. फोटो आडवा पडलेला दिसणे हाही याच जातीचा दोष आहे. कॅमेरा उभा धरला, तरी बरेच कॅमेरे चित्र आडवेच साठवतात आणि ‘दाखवताना वळवा’ अशी एक चिठ्ठी फाइलमध्ये लिहितात. या चिठ्ठीत १ ते ८ पैकी एक आकडा असतो. १ म्हणजे जसे आहे तसेच. ६ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश वळवून दाखवा. ती न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुले आडवी झालेली दिसतात! याउलट, चित्राची चौकट काळी पडली किंवा तिच्यात चौकोन चौकोन उमटले, आणि इतरत्र फोटो ठीक असेल, तर त्या सॉफ्टवेअरमधील ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर तात्पुरता बंद करून पाहावा. दोष गेला, तर त्याचे मूळ फोटोत नसून पडद्यावर चित्र रेखाटणाऱ्या यंत्रणेत आहे.

तिसरा प्रश्न: दोष एकाच पडद्यावर आहे की सगळीकडे? एकाच पडद्यावर सगळेच पिवळट दिसत असेल, तर रात्रीचा प्रकाश सौम्य करणारी सोय चालू राहिली आहे का ते पाहा. त्या पडद्यावर पाहून फोटोतला पिवळेपणा काढायला गेलात, तर इतरांना तो निळसर दिसेल.

कधी कधी दोष नसतोच. तिरप्या रेषांना करवतीसारखे दाते दिसले, की फोटो बिघडला असे वाटते. तो आधी १०० टक्के आकारात पाहा. या आकारात फोटोचा एक बिंदू पडद्याच्या एका बिंदूवर बसतो. ६७ टक्क्यांसारख्या आकारात काही बिंदू गाळावे किंवा मिसळावे लागतात आणि त्यातून असे दाते उद्भवू शकतात.

शेवटी एक प्रयोग. एका फोटोची प्रत रंग-प्रोफाइलची सोय असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ‘असाइन’ आणि ‘कन्व्हर्ट’ अशा दोन आज्ञा तेथे सापडतील. एका बिंदूचे तीन आकडे वहीत टिपून घ्या. आता दुसरे प्रोफाइल ‘असाइन’ करा: आकडे तेच राहतील, रंग मात्र बदलेल. म्हणजे ४० सेल्सिअस पुसून ४० फॅरनहाइट लिहिले! ते रद्द करून ‘कन्व्हर्ट’ करा: आकडे बदलतील, रंग जवळजवळ तोच राहील. म्हणजे ४० सेल्सिअसचे १०४ फॅरनहाइट केले.

स्नेहसंमेलनाच्या फोटोवर खरा उपाय हाच होता. आधी अ‍ॅडोब आरजीबी ‘असाइन’ करून हरवलेली चिठ्ठी जोडायची, मग एसआरजीबीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करून प्रत सर्वांना वाटायची. फेटे लाल राहिले असते, आणि त्यांच्या घड्याही.