तुंबलेले आतडे आणि धातूची जाळी (मोठ्या आतड्याचा कर्करोग : लेखांक ६)

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे साधारण दहापैकी एक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पहिल्यांदा पोहोचतात ते आतडे पूर्ण बंद पडल्यावर. आधीचे काही महिने बद्धकोष्ठ म्हणून चूर्ण आणि इसबगोलावर निभावलेले असते. गाठ मात्र आतल्या आत आतड्याभोवतीचा वेढा पुरा करत असते. मग एके दिवशी शौच होत नाही, वाराही सरत नाही, पोट तट्ट फुगते आणि उशिरा उलट्या सुरू होतात.

अशी अडचण बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या आतड्यात होते. उजव्या बाजूला आतडे रुंद असते आणि मळ पातळ, त्यामुळे तिथे गाठ बरीच वाढली तरी वाट चालू राहते. डावीकडे आतडे अरुंद होते आणि मळ घट्ट झालेला असतो. गंमत अशी, की गाठ डावीकडे असली तरी आतडे फुटण्याचा धोका सर्वाधिक असतो तो उजवीकडे, सीकम या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. पोकळ नळीच्या भिंतीवरचा ताण तिच्या त्रिज्येबरोबर वाढतो आणि सीकम हा सर्वांत रुंद भाग. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप घट्ट मिटणारी असेल, तर दाबाला मागेही वाट मिळत नाही. सीटी स्कॅनमध्ये सीकमचा व्यास १२ सेंटिमीटरकडे गेलेला दिसला, की हाताशी फार वेळ उरलेला नसतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया. फ्रेंच सर्जन आँरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे : गाठीचा भाग काढायचा, खालचे टोक शिवून बंद करायचे आणि वरचे टोक पोटावर आणून तिथे पिशवी लावायची. पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पुन्हा जोडायचे, असा बेत असतो. पण अनेकांच्या बाबतीत, विशेषतः वृद्धांमध्ये, ती कधीच होत नाही आणि पिशवी कायमची राहते. पहिल्याच शस्त्रक्रियेत आतडे जोडावे, तर भिंत सुजलेली, आतडे मळाने भरलेले आणि रुग्ण पाणी व क्षार गमावून बसलेला, त्यामुळे सांधा गळण्याची भीती. हीच शस्त्रक्रिया तयारीनिशी करताना मृत्यूचा जो धोका असतो, त्याच्या कितीतरी पट धोका ती रातोरात करण्यात असतो.

स्टेंटचा विचार इथे येतो. १९९१ मध्ये डोहमोतो यांनी गुदाशयातील गाठीवर, शस्त्रक्रियेने बरे होणे शक्य नसलेल्या रुग्णांसाठी, स्टेंटचा वापर नोंदवला. १९९४ मध्ये स्पेनमधील तेहेरो आणि सहकाऱ्यांनी त्याच साधनाला वेगळे काम दिले : आधी आतडे मोकळे करायचे, रुग्णाला सावरू द्यायचे आणि मग ठरवून शस्त्रक्रिया करायची. हे दोन उपयोग वेगळे ठेवून पाहिले नाहीत, तर स्टेंटविषयीची सगळी चर्चा गोंधळाची होते.

स्टेंट म्हणजे धातूच्या तारांची विणलेली नळी. धातू बहुधा नायटिनॉल, म्हणजे निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू. क्षेपणास्त्राच्या टोकासाठी टिकाऊ धातू शोधताना १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत त्याचे गुण लक्षात आले. दाबून बारीक केला तरी शरीराच्या उष्णतेत तो आपला मूळ आकार पुन्हा धरतो. हृदयाच्या धमनीतला स्टेंट जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतो. आतड्यातला उघडल्यावर २४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावा लागतो, कारण यातून रक्त नव्हे, मळ जायचा असतो. एवढी नळी बसवण्यापूर्वी साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या वेष्टनात दडपलेली असते, म्हणून ती दुर्बिणीच्या आतल्या पोकळीतून जाऊ शकते.

बसवण्याची प्रक्रिया एक्स-रेच्या पडद्यावर पाहत केली जाते. एनिमाने गाठीखालचा भाग धुतला जातो आणि गुदमार्गाने दुर्बीण गाठीपर्यंत नेली जाते. गाठीतल्या उरल्यासुरल्या फटीतून एक लवचीक तार पलीकडे सरकवणे, हा सगळ्यांत नाजूक भाग. तार गेली नाही तर पुढचे काहीच होत नाही. नंतर एक्स-रेत दिसणारे द्रव्य सोडून गाठीची लांबी जोखतात आणि दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन सेंटिमीटर बाहेर उरेल असा स्टेंट निवडतात. वेष्टन हळूहळू मागे ओढले, की जाळी उघडू लागते. पुष्कळदा कोंडलेला वायू आणि पातळ मळ तेव्हाच वेगाने बाहेर येतो, आणि खोलीतल्या कोणालाच त्याचा राग येत नाही. जाळी पूर्ण उघडायला एक ते तीन दिवस लागतात. तिला घाई करून फुग्याने गाठ रुंदावण्याचा मोह मात्र टाळायचा असतो. त्याने आतडे फाटण्याचा धोका वाढतो.

अनुभवी हातांत दहापैकी नऊच्या आसपास स्टेंट नीट बसतात. पुढे तीन अडचणी येऊ शकतात. स्टेंट जागेवरून घसरतो. गाठ जाळीतून आत वाढून वाट पुन्हा बंद करते. किंवा आतड्याला भोक पडते. आवरण असलेल्या जाळीत गाठ शिरत नाही, पण अशी जाळी अधिक घसरते. उघडी जाळी गाठीत रुतून बसते, पण तिच्यातून गाठ वाढते. भोक पडण्याचे प्रमाण शेकडा सातच्या घरात असले, तरी खरी भीती त्याचीच, कारण पोटात मळाबरोबर कर्करोगाच्या पेशीही सांडू शकतात.

बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णांमध्ये स्टेंट वापरावा का, हा वाद याच भीतीतून उभा राहिला. पहिल्या दशकातला उत्साह मोठा होता. पण नेदरलँड्समधील २५ रुग्णालयांनी मिळून केलेली चाचणी ९८ रुग्णांवर थांबवावी लागली. स्टेंटच्या गटात सुरुवातीच्या गुंतागुंती जास्त दिसल्या. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत तर निम्म्यापेक्षा कमी रुग्णांत स्टेंट यशस्वीपणे बसला, आणि काढलेल्या आतड्यांत कोणाच्या लक्षातही न आलेली भोके सापडली. या चाचण्यांनी साधनाइतकीच ते वापरणाऱ्या हातांचीही परीक्षा घेतली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. २०१४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हा वापर सरसकट करू नये असे सांगितले.

त्यानंतर ब्रिटनमधील ‘क्रेस्ट’ या २४५ रुग्णांच्या चाचणीने चित्र बरेच सावरले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत स्टेंटच्या गटातील निम्म्याहून कमी रुग्णांना पिशवी लागली, तर थेट शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना. तीस दिवसांतील मृत्यू आणि तीन वर्षांतील रोगाची पुनरावृत्ती यांत ठळक फरक आढळला नाही. युरोपीय सूचनांचा सूरही २०२० मध्ये बदलला होता : डाव्या बाजूच्या अडथळ्यात हा एक पर्याय म्हणून रुग्णासमोर मांडावा आणि शस्त्रक्रिया साधारण दोन आठवड्यांनी करावी. मिळालेल्या दिवसांत क्षार, रक्त आणि पोषण सुधारता येते, रोग कुठवर पसरला ते पाहता येते, आणि दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून आतडे लगेच जोडता येण्याची शक्यता वाढते. वृद्ध आणि इतर आजार असलेल्या रुग्णांना या उसंतीचा फायदा सर्वाधिक. तरुण, धडधाकट रुग्णाच्या बाबतीत थेट शस्त्रक्रिया अजूनही चुकीची ठरत नाही.

रोग दूरवर पसरलेला असेल, तेव्हा निर्णय पुष्कळ सोपा होतो. अशा रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया आणि पिशवी टाळून लवकर घरी जाता आले आणि केमोथेरपी लवकर सुरू करता आली, तर स्टेंटचे काम झाले. फक्त बेव्हासिझुमॅबसारखी, गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे द्यायची असतील, तर स्टेंट असलेल्या आतड्याला भोक पडण्याचा धोका वाढतो. म्हणून हा बेत कर्करोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवावा लागतो.

काही ठिकाणी स्टेंट वर्ज्यच असतो. आतडे आधीच फुटले असेल किंवा पोटात जंतुसंसर्ग पसरला असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. गुदद्वारापासून पाच सेंटिमीटरच्या आतल्या गाठीवर बसवलेली जाळी सतत कळ, वेदना आणि मळावरचा ताबा सुटणे असे त्रास देते. पोटाच्या आतल्या अस्तरावर रोग पसरून आतडे अनेक जागी आवळले गेले असेल, तर एक जागा उघडून भागत नाही. आणि अडथळ्याची लक्षणेच नसताना ‘पुढे लागेल’ म्हणून आधी स्टेंट बसवून ठेवू नये.

स्टेंटसह घरी गेलेल्या रुग्णाने मळ मऊ ठेवायचा असतो. डॉक्टरांनी दिलेले मल मऊ करणारे औषध रोज घ्यावे लागते. शेवग्याच्या शेंगा, मक्याचे कणीस, संत्र्याच्या फोडींची साले, जाडसर पालेभाज्या असे चोथ्याचे पदार्थ जाळीत अडकतात. पोट पुन्हा फुगू लागले, वारा सरेनासा झाला, तर घरगुती जुलाब न घेता रुग्णालय गाठावे लागते. गाठ जाळीत वाढली असल्यास पहिल्या स्टेंटच्या आतून दुसरा बसवता येतो. पोटात अचानक असह्य दुखून ताप आला, तर मात्र आतडे फुटल्याची शंका धरून त्याच तासाला तपासणी करावी लागते.