आपत्कालीन उपचारांतील सज्जतेचे सिम्युलेशनद्वारे मूल्यमापन

वैद्यकीय विद्यार्थी अत्यवस्थ रुग्ण हाताळण्यास कितपत सज्ज आहे, हे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळा, संगणकनियंत्रित यंत्र किंवा प्रशिक्षित अभिनेता वापरून पारखण्याच्या पद्धतीला सिम्युलेशनद्वारे मूल्यमापन म्हणतात. रुग्ण अचानक निपचित पडल्यावर विद्यार्थी पहिल्या मिनिटात काय करील, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. आणि ते कळावे म्हणून खऱ्या रुग्णाचा जीव पणाला लावता येत नाही.

पार्श्वभूमी

नॉर्वेतील खेळणी उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी 'रेसुसी ॲन' हा पुतळा तयार केला. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'ऑस्की' ही परीक्षापद्धती मांडली. तीत विद्यार्थी ठराविक वेळ देऊन एकेका केंद्रावर एकेक कृती करून दाखवतो. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. सिम्युलेशन तिसऱ्या पायरीवर येते.

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०१४ मध्ये निवासी डॉक्टराला पहिल्या दिवसापासून करता यावीत अशी तेरा कामे निश्चित केली. तातडीच्या उपचारांची गरज असलेला रुग्ण ओळखून तपासणी व उपचार सुरू करणे हे त्यांतील दहावे काम. असे प्रसंग शिक्षणकाळात प्रत्येकाच्या वाट्याला सारखे येत नाहीत. सिम्युलेशनमध्ये मात्र एकच प्रसंग सर्वांपुढे ठेवता येतो.

गुणदानाचा प्रश्न

ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची प्राणघातक प्रतिक्रिया, हा अशा परीक्षेतील एक नमुनेदार प्रसंग. प्रतिजैविकाच्या इंजेक्शननंतर पुतळ्याचा श्वास घरघरू लागतो, मॉनिटरवर रक्तदाब घसरतो. येथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन विनाविलंब देणे हाच मुख्य उपचार आहे. एखादा विद्यार्थी नाडी पाहतो, प्राणवायू लावतो, सलाइन सुरू करतो, ॲलर्जीविरोधी औषध व स्टेरॉइडही देतो आणि ॲड्रेनॅलिन शेवटी आठवते. तपासणीयादीतील प्रत्येक कृतीला एक गुण असेल, तर तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होईल. खरा रुग्ण कदाचित तोवर दगावलेला असेल. म्हणून निर्णायक कृतींना वेगळे वजन देणे, त्यांना लागलेला वेळ नोंदवणे आणि परीक्षकाचे समग्र मत यादीच्या जोडीला घेणे आवश्यक ठरते. वेळीच वरिष्ठांना बोलावणे ही विद्यार्थ्याची उणीव मानू नये; ती या परीक्षेत अपेक्षित असलेली कृतीच आहे.

मर्यादा

परीक्षेच्या खोलीत शिरतानाच विद्यार्थ्याला ठाऊक असते, की आता काहीतरी बिघडणार. वॉर्डात रुग्ण खालावतो तो बहुधा कोणाचे लक्ष नसताना. तेथे नातेवाइकांचा आकांत असतो, शेजारच्या खाटेवरून हाका येत असतात. पुतळ्यापाशी यांतले थोडेच उभे करता येते. शिवाय एका प्रसंगातील कामगिरीवरून दुसऱ्या प्रसंगातील कामगिरीचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे अनेक प्रसंग व अनेक परीक्षक लागतात आणि खर्च वाढतो. महागडे यंत्र मात्र प्रत्येक वेळी लागत नाही : मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छातीदाब देता येतो का, हे साध्या पुतळ्यावरही तपासता येते.

भारतात

एमबीबीएसच्या २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यातील क्षमतांपुढे मिलर यांच्या पायऱ्यांशी मिळतेजुळते स्तर नोंदवलेले आहेत आणि महाराष्ट्र व गोव्यासह देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक करण्यात आली आहे.