झोपेतल्या माणसाला हाक कोण मारणार?

२१ डिसेंबर २०१६ ची पहाट. गोंदिया शहरातील ‘बिंदल प्लाझा’ या हॉटेलला आग लागली आणि सात जणांचा बळी गेला. त्यानंतर चार वर्षांनी, ९ जानेवारी २०२१ रोजी, शेजारच्या भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात मध्यरात्रीनंतर धूर भरला. तो परिचारिकेच्या लक्षात आला, धावपळ झाली, सात बाळे बाहेर काढता आली. दहा गेली. १९९९ पर्यंत गोंदिया आणि भंडारा हा एकच जिल्हा होता. त्यामुळे दुसऱ्या बातमीने गोंदियाकरांच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली असल्यास नवल नाही.

आग लागली की आपण दोन प्रश्न विचारतो. ती लागली कशाने आणि बंब किती वेळात आला? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण या दोहोंच्या मध्ये काही मिनिटे असतात आणि माणसाचे जगणे-मरणे बहुधा त्या मिनिटांतच ठरते. त्या वेळी आत झोपलेल्या माणसाला हाक कोण मारतो, हा तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

नाक झोपते, कान जागा राहतो

‘धुराचा वास आला की जाग येईलच की!’ असे पुष्कळांना वाटते. हा समज घातकी आहे. गाढ झोपेत नाकाची राखण जवळजवळ संपलेली असते. झोपलेल्या माणसांवर तीव्र वासांचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गाढ झोपेत त्यांना जाग आली नाही. आवाजाने मात्र आली. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नाही आणि तो झोपलेल्याला उठविण्याऐवजी अधिकच गुंगीत ढकलतो. आगीत दगावणारी बरीच माणसे ज्वाळांनी नव्हे तर धुराने दगावतात, ती यामुळेच.

म्हणून आगीची घंटा ही इमारतीची शोभा नव्हे. जागे राहण्याचे काम आपण तिच्यावर सोपवून झोपतो. छतावरची चकती धूर किंवा उष्णता ओळखते, ती खबर नियंत्रण पेटीकडे जाते आणि पेटी भोंगे वाजवते, दिवे लुकलुकवते. जिन्याजवळ काचेमागची लाल पेटी असते. आग आधी माणसाला दिसली तर त्याने काच दाबून तीच यंत्रणा जागी करायची. भंडाऱ्यासारख्या कक्षात हा इशारा बाळांसाठी नसतो, त्यांना उचलून नेणाऱ्या हातांसाठी असतो. तिथे एक मिनिट लवकर म्हणजे आणखी एक फेरी.

घंटा आहे, पण कुठे?

खरी गोम इथेच आहे. भोंगा बसविला की काम झाले, असे मालक समजतो. तो बहुधा बसतो स्वागतकक्षाच्या भिंतीवर किंवा वऱ्हांड्याच्या टोकाला, म्हणजे तपासणीला येणाऱ्याच्या नजरेसमोर. झोपणारा माणूस असतो बंद दाराआड.

थोडा हिशेब करू. एक मीटरवर १०० डेसिबल आवाज देणारा भोंगा घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२. आता मध्ये बंद दार आले. ते आणखी २० ते ३० डेसिबल खाऊन टाकते. उशीपाशी उरतात पन्नास-साठ, म्हणजे आपल्या साध्या बोलण्याइतके! वर पंखा किंवा कूलर घरघरत असेल तर तेवढेही नाही. आगीच्या घंटेविषयीचे भारतीय मानक, आयएस २१८९, झोपलेल्याला उठवायचे असेल तर उशाशी किमान ७५ डेसिबल मागते. याचा अर्थ सरळ आहे. भोंगा वऱ्हांड्यात कितीही गरजला तरी पुरत नाही, तो झोपण्याच्या खोलीत हवा.

आवाजाची जातही महत्त्वाची. नेहमीच्या घंटेचा सूर फार उंच, किणकिणता असतो. उतारवयात आधी हरपतात ते नेमके उंच सूर. लहान मुलेही अशा आवाजात खुशाल घोरत पडतात. सुमारे ५२० हर्ट्झचा खालचा, भरदार सूर त्यांना अधिक चांगला उठवतो, असे चाचण्यांत दिसले. अमेरिकेत हॉटेलांसारख्या इमारतींच्या झोपण्याच्या खोल्यांसाठी आता असाच सूर सांगितला आहे.

ज्याला ऐकू येत नाही त्याचे काय?

गोंदिया हे राईस मिलचे गाव. मिल चालू असताना शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. तिथे भोंगा वाजला काय आणि न वाजला काय! अशा ठिकाणी डोळ्यांना दिसणारा इशारा हवा, म्हणजे लखलखणारा दिवा. हाच दिवा कर्णबधिर माणसाला स्वच्छतागृहात, वसतिगृहात, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात एकटे पडू देत नाही. तो सेकंदाला एकदा-दोनदाच लुकलुकावा आणि एका दालनातले सगळे दिवे एका तालात लागावेत. नाहीतर त्या चमचमाटाने मिरगीच्या रुग्णाला झटका येण्याचे भय असते. दिव्यालाही मर्यादा आहेच. झोपलेल्याचे डोळे मिटलेले असतात. म्हणून कर्णबधिरांसाठी उशीखाली ठेवायची, इशारा मिळताच थरथरणारी चकतीही असते.

गोंदियाच्या त्या आगीच्या पाचच दिवस आधी, १६ डिसेंबर २०१६ रोजी, लोकसभेने दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत केला होता. संकटाच्या वेळी त्यांना इतरांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे तो सांगतो. ज्या इमारतीत नुसता भोंगाच आहे, तिथे ते इतरांइतके कसे मिळणार?

मुकी झालेली घंटा

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. अग्निसुरक्षेची साधने चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आणि दरवर्षी जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करण्यास सांगितले. कागद झाला. पण घंटा मुकी होते ती कागदामुळे नव्हे, कंटाळ्यामुळे. फोडणीच्या धुराने ती दोनदा उगाच वाजते, पाहुणे वैतागतात आणि तिसऱ्यांदा कुणीतरी तिची तारच काढून ठेवतो. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट इथेही लागू पडते. उपाय तार काढणे हा नाही. स्वयंपाकघरात धूर ओळखणाऱ्याऐवजी उष्णता ओळखणारी चकती लावावी, बाकीच्या वेळच्या वेळी पुसाव्यात, पेटीची बॅटरी तपासावी. वीज गेलेल्या वेळीच आग लागली तर मदार त्या बॅटरीवरच!

आणि घंटा वाजल्यावर काय करायचे हे ठाऊक नसेल तर ती नुसताच गोंधळ वाढवते. देवरी-सालेकसाकडच्या आश्रमशाळा असोत की शहरातली वसतिगृहे, शेकडो मुले एका छताखाली झोपतात. त्यांना वर्षातून दोनदा तरी, एकदा अंधार पडल्यावर, घंटा वाजवून मैदानात जमविण्याचा सराव द्यायला हवा. खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटे.

घरच्यासाठीही हे फार अवघड नाही. बॅटरीवर चालणारी, धूर ओळखून स्वतःच वाजणारी चकती झोपण्याच्या खोलीच्या छताला लावता येते. महिन्यातून एकदा तिचे बटण दाबून पाहावे आणि दहा वर्षांनी ती बदलावी. लग्नाकार्याला परगावी गेलो की आपण गरम पाणी मिळेल का, चहा किती वाजता, हे आवर्जून विचारतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. दुसरा जिना कुठे आहे आणि आगीची घंटा आमच्या खोलीत ऐकू येते का? विचारणाऱ्याला कुणी भित्रा म्हणेल. म्हणू द्या. चार गिऱ्हाइकांनी विचारले तर पाचव्यासाठी मालक भोंगा स्वतःहून खोलीत बसवील.