खोकला, धूर आणि साखरेच्या गोळ्या

थंडी पडूं लागली कीं पेठापेठांतून खोकल्याचे आवाज येऊं लागतात आणि त्याबरोबरच होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांची शिफारसही सुरू होते. श्वासनलिकांच्या आंतील अस्तरास सूज येऊन कफ वाढतो, त्या विकारास ब्राँकायटिस म्हणतात. त्यावर ब्रायोनियाच्या गोळ्या घेऊन बरे झालेले गृहस्थ पुष्कळ भेटतात. त्यांची साक्ष खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु साक्ष खरी असली म्हणून तीवरून काढलेलें अनुमानही खरें असतेंच असें नाहीं.

या विकाराचे प्रकार दोन. पहिला तीव्र. तो बहुधा विषाणूंपासून होतो आणि बहुतेकांचा खोकला कोणत्याही औषधावांचून सुमारें तीन आठवड्यांत थांबतो. त्या अवधींत गोळ्या खाणारा बरा होतो, तसा न खाणाराही होतो. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडली, एवढ्यावरून फांदी कावळ्यानें मोडली असें ठरत नाहीं.

आतां मालाकडे पाहूं. जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनीं १७९६ सालीं या पद्धतीचें तत्त्व मांडिलें. ‘३० सी’ या औषधांत मूळ द्रव्य दर वेळीं शंभरांत एक भाग याप्रमाणें तीस वेळां विरळ केलेलें असतें. रसायनशास्त्राच्या हिशेबानें बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा कण उरण्याचा संभव संपतो. रिकाम्या पोत्यास धान्याचा भाव कोणता व्यापारी देईल? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१५ सालीं उपलब्ध प्रयोग तपासले. ही पद्धति गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही विकाराबाबत तिला आढळला नाहीं.

दुसरा प्रकार जुनाट. लागोपाठ दोन वर्षें, दर वर्षीं निदान तीन महिने कफासह खोकला राहिला म्हणजे तो जडला असें समजतात. त्याचें मुख्य कारण विडी-सिगारेट. त्याखेरीज लांकूड-गोवऱ्यांच्या चुलीचा धूर आणि कारखान्यांतील धूळ. डिसेंबर १९५२ मध्यें लंडन शहरावर कोळशाच्या धुराचें दाट धुकें पसरलें; त्यांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं असा तत्कालीन अंदाज होता. त्यावर उपाय म्हणून १९५६ सालीं तेथें कायदा करून धुरासच आळा घातला गेला. आपल्याकडेही २००८ सालापासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास बंदी आहे. परंतु दुकानाच्या ओट्यावर विडी पेटते ती पेटतेच.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं आपल्या ओट्यापुरता तरी हा कायदा पाळावा, आणि धुळींत राबणाऱ्या नोकरांच्या श्वासाची काळजी वाहावी. धाप, तीव्र ताप किंवा थुंकींत रक्त दिसल्यास त्वरित डॉक्टर गांठावा. दोन आठवडे लोटूनही खोकला न थांबल्यास थुंकी तपासून घ्यावी. क्षय असल्यास तो वेळींच कळेल. गोळी स्वतः निरुपद्रवी असेल, पण तिच्या भरंवशावर दवडलेले महिने निरुपद्रवी नसतात.