घरच्या कुत्र्याला कॅन्सरची गाठ : ऑपरेशनचा निर्णय कसा घ्यावा?

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या आजारावर का लिहावे, असे कुणाला वाटेल. कारण साधे आहे. बीपी-शुगरच्या तपासणीला आलेले पेशंट उठता उठता मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, आमच्या कुत्रीचा रिपोर्ट आहे, जरा बघता का?" कधी त्या पेशंटचे बीपी अचानक वाढलेले असते, झोप उडालेली असते, आणि विचारत गेले की कळते, घरातल्या दहा वर्षांच्या कुत्र्याला कॅन्सर निघालाय. हे सांगायला माणसे लाजतात. "कुत्र्यासाठी काय एवढं," असे लोक म्हणतील, ही भीती.

मी पशुवैद्यक नाही. तुमच्या कुत्र्याला कोणते औषध द्यायचे, कापायचे की नाही, हे पशुवैद्यकच ठरवतील. पण गाठ कशी तपासतात, ऑपरेशनआधी काय पाहावे लागते आणि डॉक्टरांना काय विचारावे, याची रीत माणसात आणि कुत्र्यात बरीचशी सारखी आहे. तेवढ्यापुरता हा लेख.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते

वय झालेल्या, जरा जाड कुत्र्याच्या छातीवर किंवा पोटाच्या कडेला मऊ, कातडीखाली सरकणारी गाठ असते. ती बऱ्याचदा नुसती चरबीची असते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. गोचीड चावलेल्या जागी गाठ येते, भांडणात दात लागून आत पू धरतो, कानाच्या पाळीत रक्त साठून फुगा येतो. यातले काहीच कॅन्सर नाही.

मात्र हाताला लागून ओळखण्यावर विसंबू नका. साधारण वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ महिनाभर गेली नाही, वाढते आहे, कडक आहे, फुटून चिघळते आहे, तर दाखवाच. दाखवण्याआधी पट्टीने मोजा, तारीख घालून फोटो काढून ठेवा. "थोडी वाढली असेल" यापेक्षा "सोळा तारखेला दोन सेंटिमीटर होती, आज तीन आहे" हे डॉक्टरांच्या जास्त कामाचे.

पहिली तपासणी म्हणजे बारीक सुईने गाठीतले पाणी किंवा पेशी ओढून काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. माणसात जी एफएनएसी करतात तीच. बहुतेक वेळा भूल लागत नाही. सुई टोचल्याने कॅन्सर 'चवताळतो' हा समज माणसांतही आहे आणि तो लोकांना महिनोन्महिने घरी बसवतो. उलट गाठ पिळणे, दोऱ्याने आवळणे, चुना लावणे, गुरांना देतात तसा डाग देणे, याने जखम होते, जंतू शिरतात आणि नंतरचे ऑपरेशन अवघड होते.

ऑपरेशन न लागणारा कॅन्सर

हा भाग मुद्दाम आधी घेतला आहे. मोकळ्या फिरणाऱ्या, नसबंदी न झालेल्या कुत्र्यांमध्ये आपल्या देशात फार दिसणारा एक ट्यूमर आहे. त्याला टीव्हीटी म्हणतात, म्हणजे ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर. शेतवस्तीवर, आखाड्यावर राखणीला असलेली कुत्री याच गटात येतात. मागच्या बाजूने रक्ताचे थेंब पडतात, लघवीच्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, सहज रक्त येणारी वाढ दिसते. कुत्री असेल तर घरचे म्हणतात माजावर आहे, कुत्रा असेल तर म्हणतात मुतखडा आहे. यात वेळ जातो.

हा कॅन्सर विचित्र आहे. तो एका कुत्र्याच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात समागमातून, कधी चाटण्या-हुंगण्यातून जातो. विषाणू नव्हे, कॅन्सरच्या जिवंत पेशीच जातात. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी एका कुत्र्यात तयार झालेल्या पेशींचा वंश आजही जगभर फिरतो आहे. माणसाला तो होत नाही.

याचे निदान काचेवरच्या साध्या तपासणीत होऊ शकते. आणि उपचार म्हणजे व्हिनक्रिस्टीन नावाचे इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा, शिरेतून. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आम्ही ज्याचे नाव ऐकतो तेच हे औषध, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेले. बहुतेक कुत्री याने पूर्ण बरी होतात. इंजेक्शन शिरेबाहेर गेले तर तिथली कातडी सडते, शिवाय पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून हे पशुवैद्यकानेच, रक्त तपासत द्यायचे. मेडिकलमधून आणून कुणाकडून तरी टोचून घ्यायचे हे औषध नाही.

म्हणून मागच्या बाजूला गाठ असेल तर पहिला प्रश्न "ऑपरेशनला किती खर्च?" हा नको. "डॉक्टर, हा टीव्हीटी तर नाही ना?" हा विचारा. ज्या कुत्र्याला 'कॅन्सर झाला' म्हणून दूर नेऊन सोडले जाते, त्यातले काही चार-सहा इंजेक्शनांत घरी परत आले असते.

लिम्फोमाचेही तसेच. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे एकाच वेळी गाठी फुगतात. तो अंगभर पसरणारा आजार आहे, गाठी कापून संपत नाही. त्यावर केमोथेरपी करतात. तिने काही महिने, कधी वर्षभर बरे जातात, पण कायमचा बरा क्वचितच होतो.

स्तनाची गाठ : इथे ऑपरेशनचा विचार येतो

नसबंदी न केलेल्या, सात-आठ वर्षांपुढच्या कुत्रीमध्ये सर्वांत जास्त दिसणारी ही गाठ. कुत्रीला सहसा स्तनांच्या पाच जोड्या असतात. गाठ जास्त करून मागच्या दोन जोड्यांत येते, मांडीच्या जवळ, त्यामुळे पोटावर हात फिरवल्याशिवाय लक्षात येत नाही. यातल्या ढोबळमानाने निम्म्या गाठी साध्या असतात आणि निम्म्या कॅन्सरच्या. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेली गाठ मोठी झाल्यावर काढलेल्या गाठीपेक्षा बरा निकाल देते. थांबून पाहण्यात फायदा नाही, तोटा आहे.

एक प्रकार मात्र वेगळा. स्तनांची सगळी रांग लाल, गरम, सुजलेली, हात लावू देत नाही इतकी दुखरी, आणि हे काही दिवसांत झाले. पिल्ले असतील तर ती गाठ दूध साकळल्याची असू शकते. पण पिल्ले नसताना असे दिसले तर दाहक प्रकारचा कॅन्सर असण्याची शंका घेतात. त्यात सहसा कापत नाहीत. कापले तरी जखम भरत नाही आणि कुत्रीचे उरलेले दिवस जास्त वाईट जातात.

ऑपरेशन ठरलेच तर त्याआधी छातीचे एक्स-रे काढायला सांगा, शक्य असेल तर तीन बाजूंनी. हा कॅन्सर फुफ्फुसात जातो. तिथे पोचलेला असेल तर स्तनाची गाठ काढून आयुष्य वाढणार नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे शंभर टक्के नाही असेही नाही, कारण अगदी बारीक ठिपके त्यात दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट रक्ततपासणी. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत सर्रास आहे आणि त्यात प्लेटलेट खाली जातात. वरून धडधाकट दिसणारे कुत्रे टेबलावर रक्त थांबत नाही म्हणून दगावू शकते. प्लेटलेट, हिमोग्लोबिन, किडनी आणि लिव्हर, एवढे पाहिल्याशिवाय भूल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लेटलेट कमी निघाल्या तर आधी तो ताप बरा करून मग ऑपरेशन करता येते.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. काढलेली गाठ फेकून देऊ नका. ती फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायची असते. गाठ कोणत्या जातीची, कडेपर्यंत पेशी पोचल्या होत्या का, हे त्याशिवाय कळत नाही. हजारो रुपयांचे ऑपरेशन करून या तपासणीवर पैसे वाचवणे मला पटत नाही.

ऑपरेशननंतर टाके साधारण दहा ते चौदा दिवस असतात. गळ्यात कॉलर घाला आणि ती दया येऊन काढू नका, कारण एका रात्रीत चाटून टाके उघडतात. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून तेवढे दिवस कुत्रे गोठ्यात नको, घरात ठेवा.

वय, पैसा आणि अंतर

"बारा वर्षांचा झालाय, आता कशाला?" असे घरात कुणीतरी म्हणतेच. नुसते वय हे कारण नाही. हृदय, किडनी ठीक असलेले म्हातारे कुत्रे भूल सोसते. उलट आठ वर्षांच्या कुत्र्याच्या फुफ्फुसात कॅन्सर असेल तर वय कमी असून उपयोग नाही.

डॉक्टरांना एकच गोष्ट नीट विचारा : हे ऑपरेशन बरे करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? दोन्ही योग्य असू शकतात. चिघळून वास येणारी, माश्या बसणारी गाठ काढली तर आयुष्य वाढणार नाही, पण कुत्रे पुन्हा घरात वावरेल. पायाच्या हाडाचा कॅन्सर असेल तर पाय काढल्याने वेदना थांबते, पण आजार बहुधा आधीच पुढे गेलेला असतो. तीन पायांवर कुत्री चांगली चालतात. त्याची कल्पना आपल्यालाच सोसत नाही. घोटाळा होतो तो डॉक्टर एक सांगतात आणि आपण दुसरे ऐकतो तेव्हा.

शेतकरी घरांत हे लवकर समजते, कारण बैलाच्या शिंगाचा कॅन्सर अनेकांनी पाहिलेला असतो. शिंग एका बाजूला झुकते, बैल डोके झटकतो, नाकातून रक्त येते. वेळेत शिंग काढले तर बैल उभा राहतो, उशीर झाला तर पुन्हा वाढते. बैलाच्या बाबतीत घरातले हिशेब मोकळेपणाने मांडतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र पैशाचे नाव काढणे पाप वाटते. ते पाप नाही. व्याजाने पैसे उचलून, मुलीची फी थांबवून, महिना-दोन महिन्यांसाठी मोठे ऑपरेशन करा असे मी कुणालाही सांगणार नाही. आणि परवडत असताना "शेवटी कुत्राच" म्हणून बरी होणारी गाठ वाढू देणेही मला मान्य नाही.

तपासणीची सुरुवात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच करा. गुंतागुंतीचे असेल तर आपल्याला सोयीचे मोठे ठिकाण म्हणजे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. परतूर, सेलू, मानवत मार्गे रेल्वेही तिथे जाते. खासगी डॉक्टर छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय जुने, तर महालक्ष्मीचे टाटा ट्रस्टचे प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालेले. पण चारशे किलोमीटरचा प्रवास आजारी कुत्र्याला झेपेल का, आणि टाके काढायला, पुढच्या तपासणीला तुम्ही पुन्हा जाल का, हे निघण्यापूर्वी ठरवा. आधी रिपोर्ट आणि एक्स-रेचे फोटो पाठवून मत घेता आले तर तेच बरे.

ऑपरेशन करायचे नाही असे ठरले तर

मग वेदना थांबवणे हाच उपचार, आणि तो पूर्ण उपचार आहे. फक्त घरातल्या डब्यातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याचे लिव्हर, किडनी जाते, पोटात रक्तस्राव होतो. "माझ्या गुडघ्याची अर्धीच दिली" हे मी अनेकदा ऐकले आहे. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी आहेत, त्यांचा डोस वजनावर असतो.

घरातल्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी एक खूण करा. स्वतःहून खाल्ले, उठून बाहेर गेला, तुम्ही आल्यावर शेपटी हलवली, तर चांगला दिवस. यातले काही नाही, कण्हतोय, जागेवरच घाण करतोय, तर वाईट. रोज पाहणाऱ्याला घसरण दिसत नाही, खुणांत ती दिसते. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागले की पशुवैद्यकाशी इंजेक्शन देऊन शांतपणे संपवण्याबद्दल बोला. आधी गुंगी येते, मग श्वास थांबतो, वेदना होत नाही. भाकरीतून विष घालणे हा याला पर्याय नाही. त्यात जीव तडफडून जातो.

आणि घरातली माणसे

दुखणारे कुत्रे घरच्यालाही चावते. चावले, ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा. आपलेच कुत्रे आहे म्हणून थांबू नका. केमोथेरपी चालू असेल तर इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस त्याची लघवी-शी हातमोजे घालून उचला, आणि गरोदर बाईने ते काम करू नये. कॅन्सर कुत्र्याकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे मुलांना त्याच्यापासून तोडू नका.

मुलांना खरे सांगा. "झोपवलं" हा शब्द टाळा. ज्या मुलाचा कुत्रा 'झोपवला' गेला, ते मूल पुढे आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही घाबरते. मोठ्यांनी स्वतःच्या गोळ्या चुकवू नयेत. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर आम्हाला येऊन सांगा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर शेजाऱ्यांनी विचारायला जा, कारण दिवसभर त्यांच्याशी बोलणारे तेवढेच कुणी होते.

शेतात पुरणार असाल तर विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, चार-पाच फूट खोल खड्डा घ्या आणि वर दगड ठेवा. इंजेक्शन देऊन मृत्यू आला असेल तर हे जास्तच महत्त्वाचे, कारण औषधाचा अंश शरीरात राहतो आणि उकरून खाणाऱ्या दुसऱ्या जनावराला त्याची बाधा होऊ शकते.