वाघावर बसलेली प्रिया

हुपरीच्या चांदीच्या कारागिरीची ख्याति पैंजणांमुळें सर्वदूर झालेली आहे. हातकणंगले तालुक्यांतील ह्या गांवीं कडींत कडी गुंतविण्याचें व घुंगरूं जोडण्याचें काम कित्येक घरांत बायकांच्या हातून होतें. रेघ कोठें जाड झाली, वळण कोठें चुकलें, हें ओळखणारी नजर तेथें नवी नाहीं. अशा घरांतील मुलींपुढें एखादी चित्रकथा ठेवावयाची, तर ती चित्रांच्या दृष्टीनेंही कसास उतरली पाहिजे. ‘प्रियाज् शक्ति’ ही चित्रकथा त्या कसाला उतरते.

चित्रकथा म्हटली कीं सुशिक्षित घरांतील वडील माणसें कपाळास आठी घालीत. १९६४ पासून निघूं लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळानें व १९६७ सालीं अनंत पै यांनीं आरंभिलेल्या अमर चित्र कथेनें ती आठी पुष्कळच सैल केली. परंतु अचाट सामर्थ्याचा मान बहुधा पुरुषालाच मिळत राहिला. अमेरिकेंत विल्यम मार्स्टन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९४१ सालीं वंडर वुमन ही वीरांगना निर्माण केली खरी. पण ती पडली राजकन्या! प्रिया ही खेड्यांतील साधी मुलगी आहे, आणि तिचें सामर्थ्य जन्मसिद्ध नाहीं.

ह्या कथेचें मूळ एका भयंकर घटनेंत आहे. १६ डिसेंबर २०१२ रोजीं दिल्लींत धावत्या बसमध्यें एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानें सारा देश हादरला. त्यानंतरच्या निदर्शनांत न्यूयॉर्क येथील चित्रपटकार राम देविनेनी हे सामील झाले होते. एका पोलीस अधिकाऱ्याशीं बोलतांना, दोष फिरून त्या मुलीच्याच माथीं मारला जातो, असें त्यांच्या ध्यानीं आलें. हें मत निव्वळ कायद्यानें पालटणारें नव्हे, म्हणून त्यांनीं पुराणकथेचा आश्रय केला. विकास मेनन यांच्या साह्यानें त्यांनीं कथा लिहिली, डॅन गोल्डमन यांनीं चित्रें काढलीं, आणि डिसेंबर २०१४ मध्यें पुस्तक बाहेर पडलें.

प्रियाला शिक्षिका व्हावयाचें असतें. बाप तिला शाळेंतून काढून घरकामास लावतो. पुढें तिच्यावर अत्याचार होतो, आणि आधार देण्याऐवजीं घरचीच माणसें तिला बाहेर घालवितात. सबंध पुस्तकांत मनाला सर्वांत अधिक झोंबणारी गोष्ट हीच; कारण गुन्हेगार परके म्हणून दूर सारतां येतात, घरच्यांना तसें सारतां येत नाहीं. रानांत गेलेल्या प्रियेची हाक पार्वती ऐकते. शंकराचा कोप होतो, देवांचें युद्ध जुंपतें. पण त्यानें प्रश्न सुटत नाहीं. अखेर माग काढीत आलेल्या वाघाच्या भीतीवर प्रिया स्वतःच मात करते, व त्याच्याच पाठीवर बसून गांवांत परतते. वाघाचें नांव साहस.

येथें कोल्हापूरकरांस बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ची आठवण व्हावी. १९२० सालच्या त्या मूकपटाचा विषय कीचकाच्या हातून द्रौपदीची झालेली विटंबना हाच होता. पण सैरंध्रीला न्यायासाठीं भीम लागला. प्रियेच्या कथेंत देवांचा सूडही अपुरा पडतो, आणि लज्जा न बाळगतां बोलावें हें तिचें तिलाच शिकावें लागतें. दोन कथांमधील हा फरक लहान नव्हे.

चित्रांविषयीं बोलावयाचें तर डॅन गोल्डमन यांची रंगयोजना भडक आहे, पण ती हेतुपुरस्सर. १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या रविवर्मा छापखान्यानें जीं देवादिकांचीं चित्रें घरोघर पोंचविलीं, त्यांच्या व पुढील दिनदर्शिकांच्या वळणाची छाप ह्या पानांवर स्पष्ट दिसते. देव ओळखीचे वाटतात, म्हणूनच त्यांच्या तोंडचे अपरिचित विचार वाचक ऐकून घेतो. मोबाईल विशिष्ट पानांवर धरला असतां चित्रें हलूं लागावीं, अशीही योजना केलेली होती. मुलांना ती गंमत वाटते, पण चित्रांचें खरें बळ स्थिर पानांतच आहे.

दोष नाहींत असें नाहीं. शेवटीं गांवकऱ्यांचें मन फार लौकर वळतें. खऱ्या गांवांत इतक्या अल्पावधींत चावडीपुढचा कट्टासुद्धां हलत नाहीं! ह्या मानानें २०१६ सालचा दुसरा भाग, ‘प्रियाज् मिरर’, अधिक पक्व आहे. त्याच्या लेखनांत मुंबईच्या पारोमिता व्होरा यांचा हात आहे. आम्लानें चेहरे जाळल्या गेलेल्या स्त्रिया अहंकार नांवाच्या असुराच्या कैदेंत असतात, आणि प्रिया त्यांच्यापुढें आरसा धरते. व्रणांच्या पलीकडलें आपलें रूप त्यांना त्यांत दिसतें. चेहरा झांकून घरांत बसविलेल्या मुलीच्या दृष्टीनें ह्या प्रसंगाचें मोल निराळें सांगावयास नको.

हे दोन्ही भाग इंग्रजींत व हिंदींत आहेत. दहा-बारा वर्षांखालील मुलांना ते एकट्यानें वाचावयास देऊं नयेत. आईनें किंवा बापानें जवळ बसावें, आणि मुलगा असेल तर विशेषेंकरून बापानें बसावें. त्याहून लहानांसाठीं २०२० सालचा ‘प्रियाज् मास्क’ हा साथीच्या दिवसांतला भाग सोयीचा. त्यांत प्रियेच्या मदतीस पाकिस्तानची बुरखा ॲव्हेंजर येते. ती मुलींच्या शाळेंतील शिक्षिका, आणि तिचीं शस्त्रें म्हणजे पुस्तकें व लेखण्या.