इंजिनाच्या संगणकाची जुळवणी : इंधनाचा हिशेब आणि त्यातील चुकांची जागा

पेट्रोल-इंजिनास कार्ब्युरेटर असे तोवर हवा व इंधन यांचे प्रमाण बव्हंशी नळीतून वाहणारी हवाच ठरवीत असे. १९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण पद्धती फोक्सवागन १६०० ह्या मोटारीत आली आणि हे काम गणिताकडे गेले. १९७९ साली बी. एम. डब्ल्यू. ७३२-आय ह्या मोटारीत इंधन व ठिणगी ह्या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय संगणकाकडे देण्यात आले. मोटार मूळ स्थितीत असेपर्यंत मालकास ह्या संगणकाची आठवण होण्याचे कारण नसते. इंजिनाला टर्बोचार्जर जोडला, की संगणकातील आकडे जुन्या इंजिनाचे वर्णन करीत राहतात आणि समोर इंजिन मात्र दुसरेच असते.

उदाहरणादाखल १९८९ साली निघालेली माझ्दा एमएक्स-५ ही १.६ लिटरची मोटार घेऊ. तिच्यात हवा मोजण्यासाठी मूळचे झडपेचे मापक होते. फेरबदल करणारे लोक पुष्कळदा ते काढून टाकतात व दाबावर चालणारा वेगळा संगणक बसवितात. २००१ साली अमेरिकेत ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो यांनी निर्माण केलेला मेगास्क्वर्ट हा त्यांपैकीच एक. असा संगणक हवेचे वस्तुमान प्रत्यक्ष मोजीत नाही. चूषणनळीतील दाब, हवेचे तापमान व सिलिंडरचे घनफळ यांवरून तो ते काढतो आणि त्यास भरण-गुणांकाने गुणतो. सिलिंडर प्रत्यक्षात कितपत भरतो हे सांगणारा हा गुणांक फेऱ्यांप्रमाणे व दाबाप्रमाणे बदलतो. म्हणून त्याचा तक्ता करावा लागतो. सोळा ओळी व सोळा स्तंभ धरल्यास त्यात २५६ घरे होतात.

आता हिशेब पाहू. एका सिलिंडरचे घनफळ ०.४ लिटर आहे. दाब १०० किलोपास्कल, तापमान ३०० केल्विन व गुणांक ०.८५ धरल्यास सुमारे ०.३९ ग्रॅम हवा आत येते. बारा-साडेबारास एक ह्या प्रमाणाने तिला सुमारे ३२ मिलिग्रॅम पेट्रोल हवे. मिनिटास २४० घनसेंटिमीटर इंधन सोडणारा इंजेक्टर ते १०.७ मिलिसेकंदांत देतो. मिनिटास ६००० फेरे असता एका चक्रास २० मिलिसेकंद मिळतात. तेव्हा येथवर अडचण नाही. टर्बोचार्जरने दाब १७० व तापमान ३३० झाले, की हवा दीडपटीहून अधिक होते. मिश्रण थोडे अधिक समृद्ध ठेवावे लागते व इंधनास सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. त्यात इंजेक्टर उघडण्याच्या विलंबाचा एक मिलिसेकंद मिळविला, की जवळजवळ सर्व वेळ संपतो. ६५०० फेऱ्यांवर तर चक्रच साडेअठरा मिलिसेकंदांचे असते. तेथे तक्त्यात कितीही मोठा आकडा लिहिला तरी इंधन वाढत नाही. मिश्रण सर्वाधिक भाराच्या क्षणीच विरळ होते.

म्हणून मोठे इंजेक्टर बसवितात. माझ्या मते जुळवणीतील खरी कठीण गोष्ट येथूनच सुरू होते. दुप्पट मापाच्या इंजेक्टरातून मंदगतीत इंधन वाहण्याचा काळ जेमतेम एक मिलिसेकंद असतो. विलंबकालाचा आकडा ०.२ मिलिसेकंदाने चुकला, तर मंदगतीत इंधन पाचव्या हिश्शाने चुकते. पूर्ण भारावर तीच चूक दोन टक्क्यांची असते. मंदगतीचे बिघडलेले मिश्रण पाहून जुळवणी करणारा भरण-गुणांक बदलतो व इंजिन सुरळीत चालू लागते. परंतु विलंबकाल बॅटरीच्या व्होल्टतेवर अवलंबून असतो. रात्री दिवे व पंखा लावताच व्होल्टता उतरते, विलंब वाढतो आणि मिश्रण पुन्हा बिघडते. जी चूक इंजेक्टरची, ती हवेच्या तक्त्यात झाकल्याचा हा परिणाम होय. यास्तव प्रथम इंजेक्टरचे आकडे निश्चित करावे व नंतरच तक्त्यास हात लावावा.

तक्ता दुरुस्त करण्यास विस्तृत-पल्ल्याचा ऑक्सिजन-संवेदक अवश्य पाहिजे. १९७६ साली व्होल्वो मोटारींत आलेल्या मूळ प्रकारच्या संवेदकास १४.७ ह्या प्रमाणाची सीमा ओळखता येते. भाराखाली मिश्रण बारावर आहे की तेरावर, हे तो विश्वासाने सांगू शकत नाही.

ठिणगीचे काम सर्वांत शेवटी करावे. दाट मिश्रण लवकर जळते, म्हणून दाब वाढेल तशी ठिणगी उशिरा द्यावी लागते. ती फार लवकर पडल्यास ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, ठोके पडतात व दट्ट्याच्या कडा तुटू शकतात. फार उशीर केला तर निष्कास-वायू तापतात आणि टर्बोचार्जर भाजतो. येथे कानावर विसंबणे धोक्याचे आहे. पूर्ण भारावरील आवाजात बारीक ठोके ऐकू येत नाहीत. डायनामोमीटरवर एकेक अंश वाढवीत जावे व शक्ती वाढेनाशी झाली, की थांबून थोडे मागे यावे. ठोके त्याआधीच सुरू झाल्यास अर्थात तेथेच मर्यादा समजावी.

थंड इंजिनाच्या तक्त्यास मात्र डायनामोमीटरचा फारसा उपयोग नाही. इंजिन पुरते निवण्यास रात्र जावी लागते. त्यामुळे त्यातील आकडे दिवसातून एकदाच, सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरविताना, तपासता येतात.